आता कशाला आलात?

प्रवासाच्या कुठल्याही माहितीपुस्तिकेत गावाच्या नावाखाली एक ओळ ठरलेली असते : ‘भेट देण्यास उत्तम काळ – ऑक्टोबर ते मार्च’. किल्ला असो, समुद्र असो, लेणी असोत की धरण, काळ तोच. ही ओळ ज्याने पहिल्यांदा लिहिली त्याला मुलं नसणार. असलीच तर ती शाळेत जात नसणार. कारण ऑक्टोबर ते मार्च या काळात आमच्या घरी सहामाही परीक्षा, स्नेहसंमेलन, प्रकल्पवह्या, सराव परीक्षा, तोंडी परीक्षा आणि मग खऱ्या परीक्षेची तयारी इतकं सगळं येऊन जातं. मधे दिवाळीची सुट्टी असते, ती फराळ करण्यात, खाण्यात आणि पचवण्यात संपते. म्हणजे उत्तम काळ येतो तेव्हा आम्ही घरात, आणि आम्ही घराबाहेर पडतो तेव्हा तो काळ नुकताच गेलेला.

हवामान खात्याने महाराष्ट्राचे चार विभाग पाडले आहेत : कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. या चारही विभागांत माझी माणसं आहेत. माहेर नागपूर, सासर मालवण तालुक्यातलं एक खेडं, मावशी पुण्यात आणि जाऊबाईंचं माहेर बीड जिल्ह्यात. संसार डोंबिवलीत. एवढा पसारा असताना वर्षातल्या कुठल्याही महिन्यात कुठे ना कुठे तरी बरा हंगाम सापडायला हवा. पण चारही ठिकाणी उंबऱ्यात पाऊल पडताच पहिलं वाक्य येतं ते एकच. मालवणात ‘आता इलास?’, नागपुरात ‘आत्ता काहून आली?’ आणि पुण्यात ‘आत्ता येण्याचं प्रयोजन?’ तिन्ही वाक्यांत माया असते, पुण्याच्या वाक्यातही असते, शोधावी लागते. इथलं जे बघण्यासारखं आणि खाण्यासारखं होतं ते गेल्या महिन्यात होऊन गेलं, आता तुला काय वाढू, अशी ती तळमळ आहे.

सासरपासून सुरुवात करते. कोकणात जायचं म्हणजे मे महिन्यात, हे आमच्या घराण्यात गृहीत आहे. आंबा! हापूसची पहिली पेटी जानेवारी-फेब्रुवारीत वाशीच्या बाजारात पोचते, तिला हार घालतात, तिचा फोटो आणि भाव पेपरात येतो. खाण्याजोग्या भावात आंबा येतो तो एप्रिल-मेमध्ये. म्हणून आम्ही परीक्षा संपवून, निकाल घेऊन, मेच्या मध्यावर गावाला जातो. चुलतसासरे, म्हणजे काका, खळ्यात बसलेले असतात. आम्हाला पाहून आनंदाने उठतात आणि म्हणतात, ‘‘आता इलास? आंबो संपलो!’’

आंबा संपलेला नसतो. मागच्या पडवीत गवताच्या अढीत भरपूर असतो. पण चांगला, निवडक, एकसारखा माल पेट्यांत भरून केव्हाच वाशीला गेलेला असतो आणि घरात उरतात ते डागी. काकांच्या कलमांचा उत्तम आंबा मी आजवर खाल्लाय तो डोंबिवलीत, हातगाडीवरून, घासाघीस करून. त्यांच्या स्वतःच्या घरात मी त्यांचा पेटीचा आंबा खाल्लेला नाही. त्यांनीही खाल्लेला नसावा. बागायतदाराच्या घरी डाग काढून उरलेला आंबा खायचा आणि तोच कसा जास्त गोड असतो हे एकमेकांना पटवायचं, ही पद्धत आहे.

आणि मेमध्ये घरात जागा कुठे असते? मुंबईहून सगळे चाकरमानी एकाच आठवड्यात उतरतात. न्हाणीघर एक, विहिरीला पाणी तळाशी आणि रांगेत माझा नंबर कायम लहान दिरानंतर, जो आत गेला की गाणी म्हणतो. दुपारी पंखा फिरतो की नुसता आवाज करतो हे कळत नाही. घाम इतका येतो की अंघोळ झाली की व्हायची आहे याबद्दल घरात वाद होतात. रात्री सगळे खळ्यात चटया टाकून झोपतात आणि पहाटे कोणाची तरी चटई फणसाच्या झाडाखाली सरकलेली असते, त्यावरून काकी ओरडतात. हे सगळं मला आवडतं. पण याला हवापालट म्हणू नये.

शिवाय मे महिना मेमध्येच संपेल याचीही आता खात्री राहिली नाही. पाऊस मुंबईत साधारण ११ जूनला येतो असं खात्याचं वेळापत्रक सांगतं. २०२५ साली तो २६ मेलाच आला. कोकणात त्याच्या आदल्या दिवशी. आम्ही तेव्हा गावाला होतो. वाळत घातलेली आमसुलं, फणसाची साटं आणि आमची सुट्टी एकाच वेळी भिजली. काका आभाळाकडे बघत म्हणाले, ‘‘एप्रिलात येवक व्हया होता.’’ एप्रिलात मुलाची वार्षिक परीक्षा होती. पण हे आभाळाला कोण सांगणार?

मग आमच्या ह्यांच्या डोक्यात आलं की कोकण खरं बघायचं ते पावसाळ्यात. ही कल्पना त्यांना फोनवरच्या एका चित्रफितीतून मिळाली. हिरवंगार शेत, कौलांवरून पडणाऱ्या धारा, मागे बासरी. बासरीवाला कोरड्या जागी बसलेला असतो हे लक्षात घेतलं पाहिजे.

जुलैत गेलो. कोकण रेल्वेचं पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक असतं, दरडींच्या भीतीने गाड्या हळू चालवतात. हळू म्हणजे इतक्या, की बोगद्याआधी सुरू केलेला डबा बोगद्यानंतर संपतो. त्याबद्दल तक्रार नाही, दरडीपेक्षा उशीर बरा. पण पोचल्यावर कळलं की मासे नाहीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीबंदी असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. मालवणला जाऊन सुकटीची चटणी खाल्ली. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, तारकर्लीचे पाण्यातले खेळ बंद. १६६४ साली महाराजांनी ज्या किल्ल्याचा पाया घातला त्याला आम्ही धक्क्यावरून, छत्री सांभाळत, नमस्कार केला. किल्ला दिसत नव्हता. पण तिथेच असणार.

घरी कोणी बोलायला नव्हतं, कारण सगळं गाव लावणीला शेतात. हे मोठ्या उत्साहाने चिखलात उतरले. तरव्याची एक मूठ हातात धरून फोटो काढून झाला, तेव्हा काकींनी दुसरी मूठ दिली. मग तिसरी. संध्याकाळी ह्यांची कंबर सरळ होईना. पावसाळी कोकणाची चित्रफीत त्यानंतर आमच्या घरात लागलेली नाही. कपडे तर सुकलेच नाहीत. चुलीजवळच्या दोरीवर टाकले ते धुराने सुकल्यासारखे झाले आणि पुढे सबंध श्रावण डोंबिवलीच्या लोकलमध्ये माझ्या शेजारची बाई जरा सरकून बसत होती.

एक मात्र खरं. त्या जुलैत काकींनी नदीच्या कुर्ल्यांचं कालवण केलं होतं आणि टाकळ्याची भाजी. दोन्ही वर्षभर मिळत नाहीत. ते खाताना मला वाटलं, सापडला हंगाम. काका म्हणाले, ‘‘कुर्ल्ये पयल्या पावसाक भरलेले गावतत. आता पोकळ.’’

गणपतीत जाणं हा हंगामाचा प्रश्न नाही, तो आरक्षणाचा आहे. पूर्वी रेल्वेचं तिकीट १२० दिवस आधी काढता यायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. त्याने फरक इतकाच पडला की निराशा दोन महिने उशिरा होते. खिडकी उघडते त्या सकाळी घरातल्या सगळ्या फोनांवर बोटं तयार असतात आणि काही मिनिटांत प्रतीक्षायादी आभाळाला टेकते. मग रस्ता. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ साली सुरुवात झाली तेव्हा माझा मुलगा रांगत होता. त्याला मिसरूड फुटलं, तो आता गाडीत पुढच्या सीटवर बसून वडिलांना खड्डे दाखवतो. इतकं करून पोचलं की पाच दिवस आरत्या, काळ्या वाटाण्याची उसळ, मोदक आणि रात्री भजन. हवा कशी होती, असं डोंबिवलीत कोणी विचारलं तर मला आठवत नाही. हवा होती बहुधा.

खरा सुरेख काळ थंडीतला. डिसेंबर ते फेब्रुवारी कोकण अप्रतिम असतं. सकाळी गारवा, कलमांना मोहर, मासे भरपूर, रात्री दशावतार. आणि आंगणेवाडीची जत्रा. ही जत्रा तिथीवर ठरत नाही, देवीचा कौल मिळाला की तारीख जाहीर होते. मला हे फार पटतं. कोकणात अख्ख्या वर्षात एकच तारीख अशी आहे की जी पंचांग, शाळा आणि रेल्वे यांपैकी कुणालाही न विचारता ठरते. एकदा मुलाला तापाचा दाखला जोडून आम्ही थंडीत गेलोही. काका खळ्यात बसले होते. मोहराकडे बोट दाखवून म्हणाले, ‘‘आता इलास? आता आंबो खंय? मे महिन्यात ये.’’

हा प्रश्न आमच्याच घराला पडलाय असं नाही. इंग्रजांनाही पडला होता, आणि त्यांनी तो त्यांच्या पद्धतीने सोडवला. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर थंडीत मुंबईला मलबार पॉइंटवर राही, उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला. गणेशखिंडीतली ती टोलेजंग इमारत, जिथे आज विद्यापीठ आहे, ती पावसात न भिजता पाऊस बघण्यासाठी सरकारने बांधलेली. तिकडे नागपूरचं सरकार उन्हाळ्यात पचमढीला जात असे. म्हणजे हंगाम बदलला की कुटुंबाने नाही, राज्यकारभारानेच मुक्काम हलवायचा. ऑक्टोबर ते मार्च ही ओळही त्यांचीच असावी असा मला दाट संशय आहे. इंग्रज गेले तेव्हा आपण त्यांची उन्हाळी सुट्टी ठेवून घेतली, बंगले मात्र विद्यापीठांना आणि राजभवनांना दिले. वाटणी नीट झाली नाही.

महाबळेश्वरचं बघा. १८२८च्या सुमाराला जॉन माल्कम साहेबाने ते गाव थंड हवेसाठी वसवलं. पावसाळ्यात तिथे साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पूर्वी लोक घरं वाळल्या गवताने झाकून घ्यायचे. गव्हर्नर त्याआधीच खाली उतरलेला असे. आमच्या ओळखीचं एक जोडपं ‘पावसाळ्यात स्वस्त मिळतं’ म्हणून जुलैत तिथे राहून आलं. सगळे पॉइंट पाहिले. प्रत्येक पॉइंटवर पांढरा पडदा होता. स्ट्रॉबेरी मागितली तर हॉटेलवाल्याने जॅमची बाटली पुढे केली.

सरकारच्या त्या स्थलांतराची एक खूण अजून उरली आहे, ती माझ्या माहेरी. १९५३च्या नागपूर करारात ठरल्याप्रमाणे विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात होतं, आणि ते हिवाळी असतं. पावसाळी का नाही, याचा प्रयोग २०१८ साली झाला. जुलैत अधिवेशन भरलं. ६ तारखेला असा पाऊस झाला की विधान भवनाच्या वीजयंत्रणेत पाणी शिरलं, दिवे गेले आणि दोन्ही सभागृहांचं कामकाज थांबलं. आणि उन्हाळी अधिवेशन नागपुरात घ्यावं अशी मागणी मी आजवर कुठल्याही पक्षाकडून ऐकलेली नाही. एवढ्या मोठ्या प्रश्नावर सर्वपक्षीय एकमत दुर्मीळच.

पण नागपूरची लेक माहेरी जाते ती उन्हाळ्यात. तिला अधिवेशन लागू नाही. मेअखेरीला नवतपा लागतो, नऊ दिवस सूर्य जणू वैयक्तिक वैर असल्यासारखा वागतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत मी खिशात कांदा ठेवून रिक्षातून उतरते. वहिनी दार उघडते. आत कुलरचा गडगडाट. त्यातून तिचा आवाज येतो, ‘‘आत्ता काहून आली वं? कशाला मरून राहिली उन्हात? डिसेंबरात यायचं ना! संत्री होती, थंडी होती, हुंदडत फिरलो असतो.’’ मग माठातलं पाणी, कैरीचं पन्हं, आणि दिवसभर खस लावलेल्या कुलरसमोर कोणी बसायचं यावरून भाच्यांची मारामारी. दुपारी शहर असं बंद असतं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावली बघून बसलेलं असतं. संध्याकाळी सातनंतर नागपूर उठतं. खरं सांगायचं तर रात्री अकरा वाजता गच्चीवर पाणी मारून, गाद्या टाकून, भावंडांशी गप्पा मारण्यात जे सुख आहे त्यासाठी मी आणखी दहा नवतपे सोसेन. पण माझ्या मुलाला हे सांगून उपयोग नाही. तो मोबाइलवर तापमान बघतो आणि माझ्याकडे बघतो.

नागपूरच्या भावाने एकदा ताडोबाला नेलं. जंगलाचा न्याय माणसाच्या उलटा आहे. जो महिना माणसाला असह्य तोच वाघ दिसायला उत्तम. एप्रिल-मेमध्ये पाणवठे आटतात, झाडोरा विरळ होतो, वाघाला पाण्यावर यावंच लागतं. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, जंगलाचा गाभा पर्यटकांना बंद असतो. म्हणजे आपण घामाने निथळत उघड्या जिप्सीत बसायचं आणि वाघाने गळ्यापर्यंत पाण्यात बसायचं, अशी ही सहल आहे. अखेर अक्कल कुणाला जास्त, हे पाणवठ्यावर स्पष्ट दिसतं. आम्हाला मात्र पाणवठा दिसला, वाघ नाही. गाइड ओल्या मातीतला पंजा दाखवून म्हणाला, ‘‘काल इथंच बसला होता ना, मॅडम. तासभर.’’ काल! मालवणात महिन्याचा फरक पडतो, इथे एका दिवसाचा. तेवढीच प्रगती.

असाच थोडक्या दिवसांनी चुकलेला हंगाम पाहायचा तर बीडला हुरडा खायला जावं. ज्वारीचं कणीस कोवळं असतं तेव्हा दाण्यात नुसतं दूध, आणि चार दिवस उशीर झाला की ते कडक. मधे जे थोडे दिवस मिळतात तो हुरडा. जाऊबाईंच्या भावाचा फोन जानेवारीत येतो, ‘‘ताई, आलाय.’’ त्या फोननंतर रजा मागायची, साहेबांनी ती शुक्रवारी मंजूर करायची, रात्रीची बस पकडायची, आणि शेतात पोचल्यावर त्याने कणीस चोळून दाणा दाताखाली धरून मान हलवायची, ‘‘बुधवारी यायला पाहिजे होतं.’’ तरी आगटी पेटते, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजतात, तळहात पोळून घेत कोणीतरी ती चोळून देतं, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. शहरातली माणसं यासाठी आता कृषी पर्यटन केंद्रात माणशी पैसे भरतात, गळ्यात पट्टी आणि हातात कागदी ताटली घेऊन रांगेत उभी राहतात. त्यांना कोणी ‘बुधवारी यायला हवं होतं’ असं म्हणत नाही. पैसे भरलेल्या माणसाला सगळे दिवस सारखे.

कासच्या पठाराबद्दल मी थोडक्यात बोलते, कारण आम्ही तिथे थोडक्यातच होतो. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलं असतात असं म्हणतात. आम्ही सप्टेंबरात, ऑनलाइन प्रवेश घेऊन, गेलो. धुकं होतं. धुक्यात आमच्यासारखीच कुटुंबं होती. गाइडने आधी सांगितलं की पंधरा दिवसांपूर्वी गालिचा होता, मग सांगितलं की पुढच्या आठवड्यात उघडीप पडली तर बघा. मी टोपली कारवीबद्दल विचारलं. ती सात वर्षांनी एकदाच फुलते. त्याने माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की तेव्हापासून मी कुठल्याच झुडपाची चौकशी करत नाही.

आणि पुणे. पुण्यात मावशीला मी एकदा सरळच विचारलं, की तुमच्याकडे नेमकं कधी यावं म्हणजे चांगलं? डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव असतो, थंडी असते, मला वाटलं ती तेच सांगेल. मावशीने चष्मा काढून पुसला. म्हणाली, ‘‘पुणं ना? पुणं बघायचं तर पानशेतच्या आधी यायला हवं होतंस.’’ पानशेत फुटलं १९६१ साली. माझी आई तेव्हा परकर-पोलक्यात होती.

आता मुंबईचं. आम्ही डोंबिवलीकर स्वतःला मुंबईकर म्हणवतो आणि मुंबईकर आम्हाला तसं म्हणू देत नाहीत, ते सोडा. पण पाहुण्याने मुंबई कधी बघावी? जानेवारीत, हे उघड आहे. मुंबईला थंडी पडते यावर बाहेरचे लोक हसतात, पण सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता. अलीकडे तो सोळा-सतराला आला तरी आमच्या इमारतीतले लोक मफलर बांधून दूध आणायला जातात आणि पंखा पाचवरून तीनवर करतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा महोत्सव असतो. हवा स्वच्छ नसते, पण गार असते.

एकदा मालवणच्या काकांनी आमच्याकडे मुंबई बघायला यायचं ठरवलं, पण त्यांना जानेवारी चालेना. थंडीत कलमांवर औषध मारायचं असतं, मेमध्ये आंबा, जूनमध्ये पेरणी, जुलैत लावणी, मग गणपती, मग भातकापणी. लावणी संपली की गणपतीपर्यंत थोडी उसंत. म्हणजे ऑगस्टच. मी फोनवर म्हणाले, ‘‘काका, आत्ता कशाला येता? थंडीत या ना.’’

‘‘गो, माका बुडलेली मुंबई बघूची आसा.’’

टीव्हीवर ते दर पावसाळ्यात रुळांवरचं पाणी, हिंदमाताला पोहणाऱ्या टॅक्स्या आणि छत्री उलटी झालेला वार्ताहर बघतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हा आकडा त्यांना कलमांच्या संख्येसारखा पाठ आहे. मालवणातही पाऊस धो धो पडतो, पण तिथे पाणी पडतं आणि समुद्रात जातं, त्यात बघण्यासारखं काही नाही. पडून जातच नाही असं पाणी बघायला ते गाडीत बसले.

आले, आणि ऊन पडलं. लख्ख. कोपऱ्यावरच्या डबक्यातसुद्धा पाणी राहिलं नाही. पहिले दोन दिवस ते गॅलरीत आभाळाकडे बघत बसले. पेपरात भरतीची वेळ छापून आली, मोठ्या लाटा उसळणार म्हणून, तेव्हा ह्यांनी त्यांना मरीन ड्राइव्हला नेलं. तिथे हजारभर माणसं भिजायला उभी. एक लाट आली, सगळे किंचाळले, फोटो निघाले, भुट्टेवाल्याचा भुट्टा विझला. काका जन्मभर समुद्राशेजारी राहिलेले. त्यांनी आधी लाटेकडे पाहिलं, मग माणसांकडे, आणि विचारलं, ‘‘ह्यां बघूक इतकी माणसां इली?’’ नंतर बराच वेळ ते समुद्राकडे पाठ करून माणसंच बघत होते. त्यांच्या मते मुंबईत पाहण्यासारखं तेवढंच आहे.

परत आल्यावर जिन्यात शेजारचे आजोबा भेटले. चौकशी झाली. कुठून आलात, किती दिवस, काय काय पाहिलं. आजोबा मनापासून हळहळले. ‘‘अहो, गेल्या आठवड्यात यायला हवं होतं! लोकल बंद, गुडघाभर पाणी, आम्ही रुळांवरून चालत आलो ना!’’ काकांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते मी अढीतल्या डागी आंब्यांसमोर आरशात पाहिलेलं आहे.

रात्री जेवताना ते गप्पच होते. मग म्हणाले, ‘‘ही तुमची लोकल. रिकामी कधी असता?’’

मी सांगितलं. गणपतीत आणि मेच्या सुट्टीत. रस्ते मोकळे, लोकलमध्ये बसायला जागा, नाटकाची तिकिटं मिळतात, डॉक्टरसुद्धा लगेच बघतात. कारण सगळी मुंबई तेव्हा गावाला गेलेली असते.

‘‘आमच्याकडे,’’ काका म्हणाले.

‘‘तुमच्याकडे.’’

त्यांनी सोलकढीचा पेला खाली ठेवला. ‘‘आणि गाव कधी बरो असता म्हायत आसा? तुमी सगळे थंय नसतास तेवा.’’ हे त्यांनी रागाने नाही म्हटलं. पेरणीला कुठला दिवस बरा, हे सांगावं तशा सुरात म्हटलं. माणसं वजा केली की कोकणातला प्रत्येक महिना उत्तम आणि डोंबिवलीतलाही, हा त्यांचा हिशोब. त्यात अडचण एकच, की आपण जातो तिथे आपण असतोच.

गणपतीत त्यांना घर सोडता येत नाही, पूजेला कोण बसणार? म्हणून मे ठरला. यंदा मेमध्ये काका-काकी डोंबिवलीत आणि आम्ही त्यांच्या घरी. शेवटच्या आठवड्यातला माल काढायला गडी आहेत, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं एवढंच काम. मी त्यांच्यासाठी कागद लिहून ठेवलाय : सोसायटीचं पाणी किती वाजता येतं, गॅसचा नंबर, खालच्या किराणावाल्याचं नाव, ठाण्याच्या दिशेच्या जलद गाडीत कल्याणनंतर चढायचा प्रयत्न करू नये. काकांचाही कागद आलाय. पंप कधी लावायचा, कुत्र्याला काय घालायचं, कुठल्या फांदीला माकडं येतात, कुठल्या कलमाला हात लावायचा नाही. पान उलटलं की मागे एकच ओळ आहे, तिच्याखाली दोन रेघा मारलेल्या : ‘अढीतले खावा. पेटयेतल्या आंब्याक हात लावचो नाय.’